वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कार रोज चालवायची असेल, तर

प्रश्न : माझे वय ४१ असून जळगावात आमचा डाळमिलचा पिढीजात व्यवसाय आहे. एक चांगली स्पोर्ट्स कार घेण्याची इच्छा गेली पंधरा वर्षे मनात होती आणि आता घरातील सर्वांनी तिला संमती दिली आहे. मात्र ती आच्छादन घालून शेडमध्ये ठेवायची नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस घरापासून एमआयडीसीपर्यंत, महिन्यातून दोन-तीनदा धुळे किंवा छत्रपती संभाजीनगर आणि वर्षातून काही वेळा मुंबई, असा तिचा वापर राहील. नऊ आणि सहा वर्षांची दोन मुले आहेत. लॅम्बोर्गिनी हुराकान, फेरारी रोमा, मॅक्लारेन आणि पोर्शे ९११ ही नावे विचारात आहेत. वडिलांचे म्हणणे असे, की आपल्या रस्त्यांवर यांपैकी एकही टिकणार नाही, त्यापेक्षा उंच एसयूव्ही घ्यावी. आपला सल्ला काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपल्या वडिलांच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे आणि टेप घेऊन मोजून पाहता येण्याजोगीही आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद असावा लागतो. ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २.४५ मीटर आहे. त्यामुळे असा गतिरोधक ओलांडताना गाडीची चारही चाके एका क्षणी त्याच्यावरच असतात आणि मधल्या भागात पोटाखाली येणारा उंचवटा हिशेबाने साडेचार सेंटीमीटरही भरत नाही. ज्या गाडीचे पोट जमिनीपासून अकरा-बारा सेंटीमीटरवर आहे, तिला तो मुळीच लागत नाही. खरी अडचण आपल्याकडे एखाद्या अपघातानंतर गावकऱ्यांनी रातोरात घालून घेतलेल्या गतिरोधकाची आहे. तो जेमतेम हात-दीड हात रुंद आणि कधी कधी पंधरा सेंटीमीटर उंच असतो. पुढची चाके उतरून गेलेली, मागची अजून चढलेली नाहीत, अशा वेळी त्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. हुराकान असो वा रोमा, अशा ठिकाणी तिचा तळ घासणारच.

म्हणून गाडी बघायला मुंबईला जाण्यापूर्वी एका रविवारी सकाळी वाहतूक सुरू व्हायच्या आत आपल्या रोजच्या मार्गावर टेप आणि सुतळी घेऊन जावे. दोघांनी सुतळीची टोके एकमेकांपासून अडीच मीटरवर आणि रस्त्यापासून दहा सेंटीमीटर उंच ताणून धरावीत. घरची मंडळी बसल्यावर गाडी थोडी खाली दबते, म्हणून बारा न धरता दहाच धरावेत. मग दोघांनी गाडी जाईल त्या दिशेने गतिरोधकावरून पुढे सरकावे. सुतळी जिथे टेकेल, तिथे गाडीही टेकणार. मी हा प्रयोग चोपड्याकडील माझ्या गावच्या रस्त्यावर केला होता. सतरा गतिरोधकांपैकी तीन ठिकाणी सुतळी टेकली आणि त्यांतील दोन शाळांसमोर होते. तिन्ही ठिकाणी रस्ता पुरेसा रुंद असल्यामुळे गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवता येत होते, म्हणजे मार्ग बाद ठरला नाही. आपल्या मार्गावर दोन-तीन ठिकाणी असे झाले तर गाडी जरूर घ्यावी. दहा ठिकाणी झाले, तर मात्र वडिलांचे म्हणणे खरे मानावे लागेल, निदान त्या रस्त्यापुरते तरी.

पोट सुटले तरी नाक उरते. पुढच्या चाकांच्या पुढे आलेला बंपरचा भाग चाक चढण्यापूर्वीच उंचवट्याला भिडतो. पेट्रोल पंपाच्या उतारावर आणि अपार्टमेंटच्या तळघरात उतरताना हेच होते. यासाठी पुढचा भाग बटण दाबून वर उचलणारी यंत्रणा मिळते. ९११ मध्ये ती नाक सुमारे ४० मिलिमीटरने उचलते आणि अर्थातच मंद वेगातच चालते. खानदेशात गाडी रोज चालवायची असेल, तर ही यंत्रणा मागणीपत्रात पहिल्या ओळीत असावी. ती नंतर बसवून घेता येत नाही, असेच समजून चालावे.

आता निवडीबद्दल. आपण सांगितलेल्या वापरासाठी माझे मत स्पष्टपणे पोर्शे ९११ च्या बाजूने आहे, आणि तीही साधी कॅरेरा, म्हणजे ९११ चा मूळ प्रकार. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम आली आणि इंजिन मागच्या आसाच्याही मागे ठेवण्याची तिची रचना आजतागायत टिकून आहे. त्या रचनेमुळेच पुढच्या आसनांमागे दोन लहान आसनांपुरती जागा उरते. आपली मुले आज तिथे व्यवस्थित बसतील आणि आणखी चार-पाच वर्षे बसू शकतील. मोठ्या माणसाला मात्र तिथे पाळधीपर्यंत नेणेही अवघड आहे. एक सूचना येथेच देतो. २०२४ पासूनच्या सुधारित कूपे गाडीत मूळ रचना दोन आसनांचीच आहे. मागची जोडी जादा किंमत न देता मिळते, पण ती मागून घ्यावी लागते. मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी हे तपासून घ्यावे, नाहीतर मुलांचा विरस होईल.

सामानाची जागा पुढच्या झाकणाखाली असून ती १३० लीटरच्या आसपास आहे. दोघांच्या दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला ती पुरते. चारही काचांतून बाहेरचे चांगले दिसते, आणि फुले मार्केटच्या परिसरात दुचाकी, हातगाड्या व रिक्षा यांच्यामधून वाट काढताना या गुणाची किंमत कळते. हुराकानमध्ये बसून मागे पाहिल्यास फटीतून पाहिल्यासारखे वाटते. शिवाय ती सुमारे १.९२ मीटर रुंद आहे, तर ९११ कॅरेरा १.८५ मीटर. हा फरक कागदावर सात सेंटीमीटरचा असला, तरी समोरून कापसाने भरलेली ट्रॉली येत असताना तो फार मोठा वाटतो.

हुराकानबद्दल आणखी सांगायला हवे, कारण पत्रात तिचे नाव पहिले आहे आणि आपले मन तिच्यात असावे, असे मला वाटते. तिचे ५.२ लीटरचे दहा सिलिंडरचे इंजिन टर्बोशिवाय चालते. त्याचा आवाज आणि मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत चढत जाण्याची त्याची रीत मी विसरू शकत नाही. परंतु तिचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले आणि तिच्या जागी आठ सिलिंडरची, विजेची जोड असलेली टेमेरारिओ आली. आता हुराकान घ्यायची म्हणजे वापरलेलीच घ्यावी लागेल. दुसरे असे, की ती दुसऱ्या गिअरमध्येच ताशी शंभर ओलांडते. चौपदरी महामार्गावर कायद्याची मर्यादा शंभरची आणि समृद्धी महामार्गावर १२० ची. त्यामुळे त्या इंजिनाची खरी गंमत जिथे सुरू होते, तिथे आपल्याला पाय काढून घ्यावा लागतो. कॅरेराची ताकद तिच्या मानाने बरीच कमी आहे, आणि रोजच्या गाडीत तो मला गुणच वाटतो. कन्नड घाटाच्या वळणांवर ताशी पन्नास-साठच्या वेगातही तिचे स्टीअरिंग हाताशी बोलत राहते.

फेरारी रोमा देखणी आहे आणि तिच्यात सामानाची जागा या चौघींत सर्वांत सोयीची आहे, मात्र तिची मागची आसने पिशव्या ठेवण्यापुरतीच. २०२५ मध्ये तिची जागा अमाल्फीने घेतली. फेरारीचा सात वर्षांचा देखभाल कार्यक्रम ही जमेची बाजू मोठी आहे. त्याखाली दर वीस हजार किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा ठरलेली सर्व्हिस होते. वापरलेली गाडी घेताना त्यातील किती वर्षे उरली आहेत, हे लेखी घ्यावे. मॅक्लारेनची चेसिस कार्बन फायबरची असून दाराचा उंबरठा उंच आणि रुंद आहे. तो ओलांडून आत बसणे आपल्याला जमेल, आपल्या वडिलांना जमणार नाही. शिवाय त्या कंपनीचे भारतातील पहिले दालन २०२२ मध्ये मुंबईत उघडले, म्हणजे आपल्याकडचा तिच्या देखभालीचा अनुभवही अजून कोवळा आहे.

उंच गाडीचा मुद्दा या कारखान्यांनाही पटलेला आहे. २०२२ मध्ये लॅम्बोर्गिनीने हुराकानची ४४ मिलिमीटरने उंच केलेली स्टेराटो आणली आणि पोर्शेने तशीच उंच केलेली ९११ डाकार आणली. पहिल्या १,४९९ आणि दुसऱ्या २,५०० च बनल्या. एखादी चांगली डाकार योग्य कागदपत्रांसह हाती लागली, तर ती खानदेशासाठीच बनवली आहे असे मी म्हणेन, पण तिच्यासाठी थांबून राहू नये.

रस्त्याइतकेच महत्त्व आपल्याकडच्या उन्हाळ्याला आणि कापसाला आहे, आणि याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. ९११ चे इंजिन मागे असले, तरी ते थंड करणारे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. बंपरमधून आत गेलेला कचरा या दोहोंच्या मधल्या फटीत अडकून राहतो. काही वर्षांपूर्वी बोदवडकडील एका जिनिंगमालकांची गाडी माझ्यासमोर उघडली होती. एप्रिल लागताच तिचा एसी गार हवा देईनासा झाला होता, आणि गॅस दोनदा भरूनही उपयोग झाला नव्हता. बंपर काढल्यावर त्या फटीत कापसाचे तंतू, धूळ आणि मेलेले किडे यांचा बोटभर जाड थर जमलेला दिसला. तव्यावरून भाकरी सोडवावी, तसा तो जवळजवळ अख्खा निघाला. त्याच्यामागची जाळी मात्र धड होती. साफ केल्यावर त्याच दुपारी एसी पूर्ववत झाला. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा अशा थरामुळे केवळ एसीच नव्हे, तर इंजिनही संकटात येते. म्हणून जिनिंगचा हंगाम संपल्यावर, होळीच्या सुमारास, दरवर्षी बंपर काढून ही फट मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करून घ्यावी. जोराच्या पाण्याचा फवारा मारू देऊ नये, कारण त्याने जाळीच्या नाजूक पात्या दुमडतात आणि दोष कायमचा होतो. डाळमिलच्या आवारात उडणारा भुसाही तितकाच त्रासदायक आहे. गाडी चाळणीच्या बाजूला उभी न करता कार्यालयाच्या बाजूला उभी करावी.

काळ्या मातीचा मुद्दाही आपल्याला ठाऊक आहेच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. अशा लाटेवर वेगात गेल्यास गाडी प्रथम उचलली जाते आणि मग जोरात खाली बसते, तळ घासतो तो याच क्षणी. यावर उपाय म्हणजे चाके कंपनी देईल त्यांतील लहानांत लहान घ्यावीत. कॅरेराला मूळची पुढे १९ आणि मागे २० इंचांची चाके असतात, तीच ठेवावीत. मोठ्या चाकांवर टायरची भिंत पातळ होते आणि एका खड्ड्यात रिम वाकतो. ब्रेकही साधे, लोखंडी डिस्कचे घ्यावेत. सिरॅमिक ब्रेकचा उपयोग शर्यतीच्या ट्रॅकवर आहे, आणि एरंडोलच्या खडीवरून चालणाऱ्या गाडीला त्यांच्या बदलीचा खर्च विनाकारण पडतो.

या गाडीत स्टेपनी नसते. टायरमध्ये भरायचे द्रावण आणि छोटा कंप्रेसर तेवढा मिळतो, आणि टायर बाजूने फाटल्यास त्यांचा काहीच उपयोग नाही. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत महामार्गावरील एका टायरच्या दुकानात मुलाने घाईत जॅक चुकीच्या जागी, तळाच्या प्लास्टिकच्या आवरणाला लावला आणि ते आवरण तडकले. चूक माझीही होती, कारण जॅक कुठे लावायचा ते मी त्याला दाखवले नव्हते. त्या जागेचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे आणि काम सुरू होण्यापूर्वी दाखवावे. गाडी बंद पडल्यास ती ओढून न नेता सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवावी. जळगाव, भुसावळ आणि धुळ्यातील असे ट्रक कोणाकडे आहेत, हे आधीच विचारून ठेवावे. अधिकृत सर्व्हिससाठी मुंबई गाठावी लागेल, म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटर. वर्षातून आपण काही वेळा जाताच, त्यातील एक फेरी सर्व्हिसच्या तारखेशी जुळवून घ्यावी.

पेट्रोलबाबत थोडक्यात सांगतो. या इंजिनांना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ते कोणत्या पंपावर नियमित मिळते, हे पाहून ठेवावे आणि टाकीच्या झाकणाच्या आतील चिकटपट्टीवर इथेनॉलचे किती प्रमाण चालते, ते वाचून घ्यावे.

किमतीत फसगत होऊ नये म्हणून एवढे लक्षात ठेवावे, की सुधारित कॅरेरा २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत दोन कोटींच्या जवळ होती. नाक उचलणारी यंत्रणा, आसने आणि इतर मागण्या तिच्यावर वेगळ्या. महाराष्ट्रातील एकरकमी वाहन कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. गाडी मिलच्या नावावर घेतल्यास कराचा दर वेगळा पडतो, म्हणून वैयक्तिक नाव की कंपनीचे नाव, हा निर्णय सनदी लेखापालांना विचारूनच घ्यावा.

शेवटी एक विनंती. गाडीची चाचणी घ्यायला वडिलांना सोबत न्यावे आणि पुढच्या आसनावर त्यांनाच बसवावे. कमी उंचीच्या गाडीतून गुडघ्यांवर भार न देता उतरायचे असेल, तर आधी दोन्ही पाय बाहेर काढून मग उठावे, हे त्यांना तिथेच दाखवावे.

प्रश्न : मुंबईतील एका विक्रेत्याकडे २०१० ची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो आहे. गाडी केवळ १२ हजार किलोमीटर चालली आहे आणि नव्या ९११ पेक्षा बरीच स्वस्त पडते. आठवड्यातून तीन-चार दिवस चालवायची आहे. घ्यावी का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : या वापरासाठी घेऊ नये. त्या काळातील बहुतेक गॅलार्डो गाड्यांत ई-गिअर ही यंत्रणा आहे. ती गिअर आपोआप बदलत असली, तरी आत एकच साधा क्लच आहे, जो चालकाच्या पायाऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा दाबते. घाटात ट्रकच्या मागे इंच-इंच सरकताना हा क्लच अर्धवट सुटलेल्या स्थितीत घासत राहतो. कन्नड घाटाची एक मोठी कोंडी त्याचे आयुष्य जाणवण्याइतके कमी करते. पोर्शेने ९११ मध्ये दोन क्लचची गिअरपेटी २००८ मध्ये आणली आणि लॅम्बोर्गिनीने ती २०१४ च्या हुराकानपासून दिली. रोजच्या वापराच्या दृष्टीने जुन्या आणि नव्या गाड्यांमधली खरी सीमारेषा हीच आहे.

‘केवळ १२ हजार’ हा आकडाही मी गुण म्हणून पाहत नाही. इतकी वर्षे जवळजवळ उभ्या राहिलेल्या गाडीतील रबरी नळ्या, सील आणि टायर वयाने कडक होतात आणि ती पुन्हा रोज चालू लागली, की एकामागून एक गळू लागतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. ते आकडे आधी वाचावेत, नक्षी कितीही खोल दिसली तरी.

याच अंदाजपत्रकात ऑडी आर८ पाहावी. तिच्या व्ही१०, म्हणजे दहा सिलिंडरच्या, प्रकारात लॅम्बोर्गिनीच्याच कुळातील ५.२ लीटरचे इंजिन आहे आणि ती बसायला-उठायला अधिक सोपी आहे. मात्र २०१३ नंतरची, म्हणजे दोन क्लचची गिअरपेटी असलेलीच पाहावी. त्याआधीच्या आर८ मध्येही एकच क्लच होता. विक्रेता क्लचच्या झिजेचे संगणकीय मोजमाप लेखी द्यायला तयार नसेल, तर लळिंगपर्यंत परत यायलाही ती गाडी घेऊन निघू नये.

प्रश्न : माझे कार्यालय घरापासून तीन किलोमीटरवर आहे. मागील वर्षी घेतलेली ९११ मी रोज तेवढीच चालवतो. रोज चालते म्हणजे ठीक आहे ना?
— एक वाचक, शहादा

उत्तर : तीन किलोमीटरमध्ये इंजिनातील पाणी गरम होते, पण तेल होत नाही. थंड तेलात जमलेले बाष्प आणि पेट्रोलचा अंश उडून जायला तेल चांगले तापावे लागते आणि ते काही काळ तापलेले राहावे लागते. रोज सुरू करून अर्धवट तापलेले इंजिन बंद करणे हे त्यामुळे आठवडाभर गाडी उभी ठेवण्यापेक्षाही वाईट ठरते. बॅटरीचेही तसेच आहे, एवढ्या फेरीत ती सुरू करण्याला खर्च झालेली वीजही पुरती भरून निघत नाही. आठवड्यातून दोनदा पहाटे प्रकाशाच्या तापी पुलापर्यंत जाऊन परत यावे. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा वेगळा काटा किंवा आकडा दिसतो. तो ९० अंशांजवळ पोहोचेपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये, आणि पोहोचल्यावर किमान पंधरा मिनिटे तरी गाडी थांबवू नये.